सतरावं मिनिट

जेवणाच्या टेबलावरून रेडिओचा कार्यक्रम करायचा ही कल्पना आईची, आणि आईची कल्पना म्हटल्यावर घरात मतदान होत नसे. ‘शहरभर’ सुरू होऊन एक पिढी उलटली होती. त्याचा पहिला भाग याच टेबलावरून गेला होता, कारण त्या आठवड्यात रेडिओ केंद्रातली वायरिंग जळाली होती. आता केंद्राची वायरिंग ठणठणीत होती, तरी आईने ठरवलं की यंदाचा वर्धापनदिन घरातूनच होईल, आणि सगळाच्या सगळा थेट जाईल.

थेट या शब्दावर घोडं अडलं ते एकट्या बॅरिस्टरचं. बॅरिस्टर म्हणजे आईचा धाकटा. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता. लहानपणी दुधाच्या पेल्यावरूनसुद्धा तो एवढा वाद घालायचा, की घराने त्याला ही पदवी देऊन टाकली. पुढे कार्यक्रमात तो राजकारणाचा भाग करू लागला, पुढाऱ्यांना धारेवर धरू लागला, तेव्हा शहरानेही ती मान्य केली.

“आई, मुलाखत नेहमीसारखी आधी करून ठेवू,” तो आठवडाभर म्हणत होता. “मी बसवून देतो नीट. थेटमध्ये कसली आलीय मजा?”

“तू बसवून देतोस म्हणूनच मला बसून बसून कंटाळा आलाय,” आई म्हणाली, आणि विषय संपला.

थोरलीने हे ऐकलं आणि मनात म्हटलं, याला प्रत्येक गोष्ट आपल्या हाताखालून गेलेली हवी असते. धाकट्या भावाबद्दल तिचं हे मत जुनंच होतं. आईच्या शेजारचा माइक कायम त्याचा, आणि टेबलाखालच्या वायरी कायम हिच्या. थोरली कार्यक्रमाची तांत्रिक बाजू सांभाळायची. घटस्फोट घेऊन ती परत याच घरात आली त्या वर्षी आईने तिला रडू दिलं नव्हतं, सरळ मिक्सरसमोर बसवलं होतं. या घरात मिक्सर म्हटलं की दोन. एक स्वयंपाकघरातला आणि एक थोरलीचा. तिच्या मिक्सरवर बोटाएवढ्या कळांची रांग होती. कळ वर सरकवली की त्या माइकचा आवाज शहरात जायचा, खाली ओढली की माणूस बोलत राहिला तरी मुका. एवढी सत्ता हातात असून तिने ती कधी वापरली नव्हती. आईचा नियमच तसा होता. शहर जसं आहे तसं जाऊ द्यायचं, मध्ये कात्री घालायची नाही.

त्या नियमाचं पोटचं पोर म्हणजे ‘शहराचं एक मिनिट’. थोरली शहरात कुठेतरी ध्वनिमुद्रक ठेवून यायची, शेजारी ‘इथे रेडिओचं ध्वनिमुद्रण चालू आहे’ अशी पाटी, आणि अर्धा तास तिथून निघून जायची, म्हणजे कुणाला आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटायला नको. नंतर ते कुणीही ऐकायचं नाही, तिनेही नाही. ध्वनिमुद्रकाचा काटा हलतोय ना एवढं बघायचं, कान लावायचा नाही. कार्यक्रमात आलेल्या पाहुण्याने एक आकडा सांगायचा, त्या आकड्याचं मिनिट लागायचं, आणि श्रोत्यांनी फोन करून जागा ओळखायची. पहिला फोन जो येईल तो थेट जायचा. इतक्या वर्षांत त्या मिनिटांत भांडणं गेली, घोरणं गेलं, एकदा तर एका मुलीने दिलेला नकार गेला. आईने कशालाच हात लावू दिला नाही.

आजचे पाहुणे पालिकेचे सभापती होते, आणि ते उगाच नव्हते. केंद्राची इमारत पालिकेच्या मालकीची. ती विकायचा ठराव येऊ घातलाय अशी कुणकुण शहरभर होती. इमारत गेली की केंद्र गेलं आणि केंद्र गेलं की कार्यक्रम गेला, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आईला तो प्रश्न सभापतींना थेट विचारायचा होता, सगळ्या शहरासमोर. बॅरिस्टरने तिला प्रश्नांची कार्डं लिहून दिली होती. थोरलीने ती चाळली तेव्हा त्यांत बागा होत्या, बस होत्या, पुलाचा रंग होता. इमारत नव्हती.

“शेवटी विचारू,” बॅरिस्टर म्हणाला. “एकदम तोंडावर मारल्यासारखं बरं नाही दिसत.”

सकाळची कोवळी उन्हं टेबलावर आली तेव्हा सगळे जागेवर बसले होते. टोकाला आई, पांढरे केस घट्ट बांधलेले, समोर माइक. तिच्या उजवीकडे बॅरिस्टर, डावीकडे सभापती, बॅरिस्टरच्या पलीकडे मिक्सरसमोर थोरली. सभापती गोल चेहऱ्याचे, गोड बोलणारे, सारखी खोकल्याची गोळी चघळणारे गृहस्थ. बॅरिस्टरची बायको, व्यवसायाने दातांची डॉक्टर, चहाचे कप भरत होती. आणि खिडकीपाशी बाबा. आयुष्यभर बस चालवून इंजिनापायी त्यांचे कान गेले होते. बायको शहराचा आवाज आणि नवरा बहिरा, यावर घरात सगळे विनोद करून झाले होते. बाबा तरी प्रत्येक भागाला केंद्रात येऊन बसत आणि आईच्या तोंडाकडे बघून मान डोलवत.

लाल दिवा लागला. आई म्हणाली, “नमस्कार. आज आमच्या घरी या.” थोरलीच्या अंगावर दरवेळेसारखा काटा आला. माणसाचं वय झालं तरी तो आवाज म्हातारा झाला नव्हता.

सगळं सुरळीत चाललं. बागा झाल्या, बस झाल्या. सभापतींनी बाबांना त्यांच्या बसचा नंबर विचारला, बाबांनी उत्तर म्हणून चहा छान झालाय असं सांगितलं, सगळे हसले. मग आई म्हणाली, “आता शहराचं एक मिनिट. सभापतीसाहेब, एक आकडा सांगा बघू.”

“सतरा,” सभापती म्हणाले. “माझ्या लग्नाची तारीख. बायको ऐकतेय घरी.”

थोरलीने सतरावं मिनिट लावलं आणि कळ वर सरकवली.

आधी पावलं ऐकू आली, दगडी जिन्यावरची. कबुतरांची फडफड. लिफ्टची जाळी ओढल्याचा कर्कश आवाज. ध्वनिमुद्रक तिने पालिकेच्या मागच्या जिन्यातल्या खिडकीत ठेवला होता, पाटी आतल्या बाजूला. खिडकीच्या बाहेर लोखंडी जिना आहे आणि लोक तिथे सिगरेट ओढायला उभे राहतात, हे तिला ठाऊक नव्हतं. काडी पेटल्याचा आवाज आला. आणि मग बॅरिस्टर बोलला.

टेबलाजवळचा बॅरिस्टर नव्हे. तो कप हातात धरून गप्प बसला होता. स्पीकरमधला.

“इमारतीचा ठराव आईच्या कार्यक्रमात येणार नाही, ते माझ्याकडे लागलं.”

“आणि बाई?” हा आवाज सभापतींचा. तोंडात गोळी होती तीसुद्धा ऐकू येत होती.

“आईचं मी बघतो. वर्धापनदिन होऊ द्या थाटात. मग महिन्याभरात कार्यक्रमही आटपू. ती माझ्या शब्दाबाहेर नाही.”

“मग आमच्या जनसंपर्क अधिकाऱ्याची खुर्ची तुमचीच समजा.”

दोघं हसले. लिफ्टची जाळी परत ओढली गेली आणि पावलं खाली उतरत गेली.

पहिलं वाक्य ऐकलं तेव्हाच थोरलीचं बोट कळेवर होतं. बोट होतं तिथेच राहिलं. खाली ओढायची होती, एवढंच. नियमापायी ओढली नाही, की दुसऱ्या कशापायी, हे तिला त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर तिने खरं उत्तर दिलं नसतं. आणि गंमत म्हणजे मिनिट अजून संपलं नव्हतं. उरलेला वेळ शहरभर नुसती कबुतरं ऐकू जात होती, आणि टेबलाभोवती एकाचीही मान वर नव्हती. सुनेच्या हातातल्या किटलीतून चहा कपात पडत होता, कप भरला, बशी भरली, तिला कळलंच नाही. सभापतींची गोळी चघळायची थांबली होती.

“काय झालं?” बाबांनी खणखणीत आवाजात विचारलं. तेही शहरभर गेलं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण मिनिट संपलं, आणि तिच्या तोंडून दरवेळचंच वाक्य बाहेर आलं, जराही न थरथरता. “तर मंडळी, ही जागा कोणती? पहिला फोन कुणाचा येतोय बघू.”

बॅरिस्टरने टेबलाखालून थोरलीच्या पायाला पाय लावला आणि मान हलवली. नको. फोन घेऊ नकोस. थोरलीने आईकडे पाहिलं. आईने बोट फोनकडे केलं होतं.

“हॅलो,” एक बाई बोलत होत्या, मागे कुत्रं भुंकत होतं. “पालिकेचा मागचा जिना आहे तो. तिथल्या लिफ्टची जाळी अशीच ओरडते. घरपट्टी भरायला जाते ना मी.”

“बरोबर,” आई म्हणाली. “आणखी काही ओळखलंत?”

बाई घुटमळल्या. “ओळखलं हो. पण ते तुमच्या घरचं आहे. मी कशाला बोलू?”

“माइकसमोर आलेलं घरचं राहत नाही. बोला.”

“मग… एक आवाज तुमच्या मुलाचा होता, बाई. आणि दुसरे तर तुमच्याच टेबलाशी बसलेत. मला फार वाईट वाटलं बघा.”

“मलाही,” आई म्हणाली. “आता एक गाणं ऐकू.”

केंद्रावरून गाणं सुरू झालं, लाल दिवा विझला, आणि टेबलाभोवती बांध फुटला.

“ताई, हे तू केलंस,” बॅरिस्टर उभा राहिला. “मुद्दाम लावलंस. माझ्या मागावर होतीस.”

“आकडा यांनी सांगितला,” थोरली म्हणाली. “मी काय यांच्या लग्नाची तारीख ठरवली?”

“पण थांबवता आलं असतं, ताई,” सून म्हणाली. ती रुमालाने टेबलावरचा चहा टिपत होती, पण रुमाल नुसता फिरत होता. “एक बोट खाली घ्यायचं होतं. तुमचा सख्खा भाऊ आहे. लोकांसमोर अब्रूच्या चिंधड्या झाल्या, त्या उद्या माझ्या मुलींनीही ऐकायच्या.”

सभापती उठले. “बाई, मला वाटतं मी निघावं. घरगुती प्रसंग आहे.”

“बसा,” आई म्हणाली. “चहा संपला नाही तुमचा. आणि गाणं संपल्यावर पाहुणे का गेले ते मला लोकांना सांगावं लागेल.”

सभापती बसले. गोळी त्यांनी हळूच कागदात काढून ठेवली.

मग आई थोरलीकडे वळली. “तू हे आधी ऐकलं होतंस?”

हा एक प्रश्न थोरलीला जितका लागला, तितका भावाचा आरोप लागला नव्हता. सगळ्या जगाने संशय घ्यावा, हिने घेऊ नये. या बाईने शाबासकी कधी दिली नाही, पण शंकाही कधी घेतली नाही, त्या एका भांडवलावर ती इतकी वर्षं मिक्सरसमोर बसली होती.

“नाही, आई. काटा बघितला फक्त.”

“आणि सुरू झाल्यावर?”

“सुरू झाल्यावर कळलं. मी थांबवलं नाही.”

“का?”

“तुझा नियम.”

आई तिच्याकडे बघत राहिली. विश्वास बसला की नाही, काही कळेना.

“कोणी मला सांगणार आहे का?” बाबा म्हणाले. सून त्यांच्याजवळ गेली आणि कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत तिने सांगितलं. नवऱ्याची बाजू घेऊन सांगायला लागली होती, पण ओरडून सांगायचं म्हटलं की गोष्ट आडपडदा न ठेवता सांगावी लागते, आणि खुर्चीच्या मुद्द्यापाशी येईतो तिचा स्वतःचाच आवाज बसला. ती बोलायची थांबली आणि तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं.

“खुर्चीसाठी?” बाबांनी मुलाला विचारलं. “आईला खुर्चीसाठी विकलंस?”

“इमारत जाणारच आहे, बाबा,” बॅरिस्टर म्हणाला. बाबांना ऐकू जावं म्हणून तोही ओरडत होता, त्यामुळे सगळ्यांनाच ते दुप्पट लागत होतं. “माझ्या हातात काय होतं? मला दोन मुली शिकवायच्यात. आणि कार्यक्रम तसाही बंद करावाच लागणार होता.”

“का म्हणून?” थोरली म्हणाली.

“कारण आईला आता जमत नाही.”

खोलीत नुसतं गाणं उरलं. कुठलंसं जुनं, आनंदी गाणं होतं.

बॅरिस्टरला थांबायचं होतं, पण आता त्याला थांबता येईना. “ती एकच प्रश्न दोनदा विचारते. परवा नाटकवाला आला होता, त्याचं तीनदा स्वागत केलं. तीनदा, ताई. मधमाश्यांवर बोलणाऱ्या त्या प्राध्यापकांना विचारलं, तुमचं नाटक कधी आहे. मुलाखत घेताना मी आणि आईच असतो, नंतर मी कापतो. वर्ष होत आलं, रोज रात्री बसून कापतो आणि दुसऱ्या दिवशी तुला देतो. तू काटा बघतेस, तुला कशाला कळतंय? मी थेट नको का म्हणत होतो? मला मिरवायचं होतं म्हणून?” तो परत खुर्चीत बसला. “लोकांनी हसायच्या आत ती मानाने उतरावी, एवढंच मला हवं होतं. खुर्ची मिळत होती, घेतली. ते चुकलं असेल. पण हे खोटं नाही.”

ज्या कार्यक्रमात थोरलीने आयुष्यात कात्री घातली नव्हती, तो वर्षभर कापलेलाच तिच्या हातात येत होता. याला सगळं आपल्या हाताखालून हवं असतं, असं ती आठवडाभर मनात म्हणत होती. तिने सुनेकडे पाहिलं. सून नवऱ्याकडे बघत होती.

“मला नाही सांगितलंस,” सून म्हणाली. “खुर्चीचं नाही आणि याचंही नाही. मी रोज शेजारी झोपते तुझ्या.” ती उठून थोरलीच्या बाजूला येऊन उभी राहिली. मघाशी हीच बाई एक बोट खाली घ्यायला सांगत होती.

बाबांनी यातलं किती ऐकलं कोण जाणे. ते मुलाच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हटलं, “चहात साखर दोनदा पडते. मी पितो.”

आई आता नवऱ्याकडे बघू लागली. इतका वेळ ती ताठ बसली होती, मुलाचा विश्वासघात तिने ताठ मानेने ऐकला होता, पण हे ऐकून तिने टेबलाची कड धरली.

“अहो,” ती म्हणाली, “मला का नाही सांगितलंत?”

बाबांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलवली, कार्यक्रम ऐकताना डोलवायचे तशीच.

थोरलीला वाटलं, आता आई उठेल, आत जाईल, दार लावून घेईल. कार्यक्रम केंद्रातूनच कोणीतरी पुरा करील. आईने डोळ्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, “गाणं किती राहिलंय?”

“एक कडवं,” थोरली म्हणाली. “आई, नको. मी केंद्राला सांगते, ते सांभाळतील.”

“कार्डं नकोत मला,” आई बॅरिस्टरला म्हणाली, आणि बागा, बस, पुलाचा रंग सगळं त्याच्याकडे सरकवलं. “आणि तू उठू नकोस. बस तिथेच.”

दिवा लाल झाला.

“मंडळी,” आई म्हणाली, “मघाशी तुम्ही माझ्या मुलाचा आवाज ऐकलात. माझ्यामागे काय ठरलं तेही ऐकलंत. त्यावर मी आता काही बोलत नाही, ते त्याचं त्याला बोलू दे. पण गाणं चालू असताना मला आणखी एक गोष्ट कळली. मला हल्ली विसरायला होतं. एकच प्रश्न मी दोनदा विचारते, आणि माझी माणसं तो तुमच्यापर्यंत येऊ देत नाहीत. मला ठाऊक नव्हतं. आज कळलं, तुमच्याबरोबरच म्हणायचं.” ती क्षणभर थांबली. “तर आज मी त्याचा फायदा घेते. सभापतीसाहेब, केंद्राची इमारत तुम्ही विकणार आहात का?”

थोरलीने आईकडे पाहिलं. भाऊही आईकडे बघतच राहिला होता, तोंड उघडं ठेवून.

“बाई, त्याचं असं आहे,” सभापतींनी घसा साफ केला. “शहराच्या विकासाच्या दृष्टीने अनेक पर्यायांचा विचार—”

“इमारत विकणार आहात का?”

“विचार चालू आहे, असं मी—”

“मी विसरते, पण इतक्या लवकर नाही विसरत. विकणार आहात का?”

सुनेने तोंडावर हात धरला. बाबा नुसते बायकोच्या ओठांकडे बघून खूष झाले होते. शहरात लोक ज्या कुठल्या स्वयंपाकघरात, दुकानात, गाडीत असतील तिथे थांबून ऐकत असतील, हे थोरलीला न बघता समजत होतं. सभापतींच्या कपाळावर घाम आला. त्यांना आता हो म्हणायचं तरी होतं किंवा नाही तरी, तिसरी वाट आईने ठेवलीच नव्हती. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि वेळ काढत ते घोट घोट प्यायले. आई वाट बघत राहिली. खोलीत शांतता लांबत गेली, आणि थेट कार्यक्रमात शांतता लांबवायची हिंमत आईखेरीज कुणात नव्हती.

मग आईने सभापतींकडे पाहून प्रसन्न हसून मान झुकवली.

“नमस्कार,” ती म्हणाली. “तर मंडळी, आज आपल्या घरी पाहुणे आले आहेत पालिकेचे सभापती. या साहेब. घर सापडलं ना लगेच?”

सून हसली. तिला वाटलं, आईंचा हा पुढचा टोला आहे. थोरलीलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिने भावाचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. आईचं हे पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं त्याला पाठ होतं. त्याने वर्षभर ते एकट्याने ऐकलं होतं.

सभापतींना मात्र जीवदान मिळालं. “नमस्कार बाई,” ते घाईने म्हणाले. “अगदी लगेच सापडलं. काय सुंदर घर आहे.”

“आधी शहरातल्या बागांबद्दल बोलू या,” आई म्हणाली. “तुमचं नाटक कधी—”

थोरलीने आईची कळ खाली ओढली.

तिच्या हाताने हे केलं हे तिला हात खाली आल्यावर कळलं. भावाने तिच्याकडे पाहिलं. दोघांच्या नजरेत आरोप नव्हता, माफी नव्हती, तेवढा वेळच नव्हता. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच्या माइकवर वाकला.

“सभापतीसाहेब,” बॅरिस्टर म्हणाला, “माझ्या आईने तुम्हाला तीनदा विचारलं. मी चौथ्यांदा विचारतो. मागच्या जिन्यात तुम्ही मला जे सांगितलंत ते इथे सांगा, नाहीतर मी सांगतो. मला खुर्ची नको. इमारत विकणार आहात का?”

सभापतींनी एकदा आईकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. “हो,” ते म्हणाले. “गुरुवारी ठराव आहे.”

ते शहरभर गेलं. फोनचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले.

आई बोलत होती. समोरचा लाल दिवा तर लागलेलाच होता, तिला शंका यायचं कारण नव्हतं. ती सभापतींकडे वळून त्याच सुरेल, स्वच्छ आवाजात नाटकाबद्दल विचारत होती, मधूनच श्रोत्यांना मंडळी म्हणत होती. तिच्या डावीकडून आणि उजवीकडून बॅरिस्टर आणि सभापतींची खडाजंगी शहरात चालली होती, आणि मधला आवाज त्या टेबलापलीकडे कुठेच पोचत नव्हता. बाबा तिच्या ओठांवर नजर लावून मान डोलवत होते. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

एक वाक्य संपवून आई थांबली, थोरलीकडे वळली, आणि भुवया उंचावून तिने हाताने खूण केली. आवाज नीट जातोय ना?

थोरलीने अंगठा वर करून दाखवला. आई समाधानाने हसली आणि पुढे बोलू लागली.